चौघे झाडाखाली

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मुद्राचित्रे आणि रेखाटने पाहण्यासाठी एक स्वतंत्र अभ्यासिका आहे. तिथे शाई, रंग, पेन असे काहीही नेता येत नाही. फक्त शिसपेन्सिल चालते. आधी वेळ ठरवून घ्यायची, ओळखपत्र दाखवायचे, आणि मग कोणीही, अगदी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली माझ्यासारखी चित्रकलेची विद्यार्थिनीसुद्धा, साडेतीनशे वर्षांपूर्वीचे रेखाटन समोर ठेवून शांतपणे पाहत बसू शकते. त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. इथे आल्यापासून मी ज्या गोष्टींबद्दल मनापासून कृतज्ञ आहे, त्यांत ही अभ्यासिका सर्वांत वर आहे.

गेल्या ऑक्टोबरात तिथे मी सतराव्या शतकातल्या डच चित्रकार रेम्ब्राँचे एक रेखाटन मागवले. झाडाखाली पागोटी घातलेले चार दाढीवाले वृद्ध बसले आहेत, एवढेच त्यात आहे. पण ते चौघे हॉलंडचे नाहीत, हे पाहताक्षणी कळते. रेम्ब्राँने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. हे त्यांतलेच एक. ज्या रचनेवरून त्याने ते काढले, ती आज व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यातल्या एका दालनात, भिंतीत बसवलेल्या लघुचित्रांमध्ये पाहायला मिळते. रेम्ब्राँ स्वतः हॉलंडबाहेर कधी गेला नाही. ही चित्रे त्याच्यापर्यंत डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारातून पोचली असावीत, असे मानले जाते, आणि त्या कंपनीची मोठी वखार सुरतेला होती. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारा व्यापारी मार्ग आपल्या खानदेशातून, तापीच्या खोऱ्यातून जात असे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. नेमकी हीच चित्रे आपल्या गावांवरून गेली असे मी म्हणणार नाही. तरीही त्या टेबलाशी बसले असताना तापीचे पात्र डोळ्यांसमोर आले, ते पुढचे कित्येक दिवस हलले नाही.

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राचे काम असे होते की, एका प्रस्थापित कलावंताची निवड करायची, काही आठवडे केवळ त्याच्या कामाच्या नकला करायच्या आणि त्यातून स्वतःचे प्रयोग उभे करायचे. नक्कल हा शब्द ऐकून मला आधी संकोच वाटला होता, कारण आपल्याकडे तो परीक्षेतल्या कॉपीच्या जवळ जाऊन बसतो. पण चित्रकलेच्या इतिहासात नक्कल हे शिक्षणाचेच एक अंग आहे. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये, फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या उपचारगृहात असताना, फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांच्या कृष्णधवल छापांवरून वीसेक रंगीत चित्रे केली. इंग्रज चित्रकार टर्नरने आपली दोन चित्रे राष्ट्राला देताना ती त्याच्या आधीच्या फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँच्या चित्रांशेजारीच टांगली जावीत अशी अट घातली, आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत ती आजही तशीच शेजारी शेजारी आहेत. ज्याच्याकडून शिकलो त्याच्या बाजूला उभे राहण्याची ती इच्छा मला फार खरी वाटते.

माझ्या पहिल्या नकला मात्र निर्जीव झाल्या. पेन्सिलीने मी त्या चौघांच्या बाह्यरेषा अचूक उतरवल्या, प्रमाणे जुळली, तरी कागदावर चार माणसे बसल्यासारखी वाटेनात. चार पोती ठेवल्यासारखी वाटत. आमच्या शिक्षिकेने त्यावर एकच प्रश्न विचारला: त्याने हे कशाने काढले? रेम्ब्राँ त्या वर्षांत पिसाच्या लेखणीबरोबर नळाच्या काडीची लेखणीही बरीच वापरत असे, हे मी वाचलेले होते. नळाच्या काडीची लेखणी म्हणजे आपला बोरू, हे मात्र त्या क्षणी लक्षात आले.

डिसेंबरच्या सुटीत घरी आले ती हा प्रश्न घेऊनच. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आजी अजून जुन्या धाब्याच्या घरात राहते. नाल्याकाठचा नळ कापून आणला, सावलीत वाळवला आणि एका जुन्या बोरूवरून पाहून नवा तासला. तो बोरू आजोबांच्या हिशेबाच्या वह्यांबरोबर एका पेटीत होता आणि त्याचे टोक देवनागरीसाठी असते तसे तिरके कापलेले होते. रेम्ब्राँच्या लेखणीचे टोक असे नसणार, हे मला ठाऊक होते. तरी मी तो तिरका काप तसाच ठेवला. या प्रयोगातला तो पहिला निर्णय, जो मी कोणाकडे पाहून घेतला नाही.

शाईची गोष्ट याहून लांबली. जुने युरोपीय चित्रकार बिस्टर नावाची तपकिरी शाई वापरत, जी लाकडाच्या धुराची काजळी पाण्यात उकळून करत. मी आधी दिव्यावर ताटली धरून काजळ जमवले आणि त्यात डिंकाचे पाणी घातले. शाई उत्तम झाली, पण ती काळीकुट्ट होती. त्या रेखाटनातला उबदार तपकिरी रंग तिच्यात नव्हता. मी पुन्हा पुन्हा ताटली धरत असताना आजी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हाई काय करी ऱ्हायनी, पोरी?" मी सगळे समजावून सांगितल्यावर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि चुलीच्या वरच्या कड्यांकडे तिने बोट दाखवले. वर्षानुवर्षांच्या बाभळीच्या धुराने त्या लाकडांवर डांबरासारखा चकचकीत थर चढला होता. तो खरवडून, कुटून, तासभर उकळून फडक्यातून गाळला, तेव्हा पातेल्यात कडक चहाच्या रंगाचे पाणी उतरले. बाभळीचा डिंक घालून ते आटवले आणि कागदावर पहिली रेघ ओढली. दिव्याचे काजळ म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. चुलीवरच्या काजळीत लाकडाचा चीक आणि डांबरी अंश असतो, तपकिरी रंग त्यातून येतो. पुस्तकात हे वाक्य मी वाचले असेलही, पण आजीने कडीकडे बोट दाखवेपर्यंत ते मला समजलेले नव्हते.

बोरूने काढताना पेन्सिलीची सवय काही कामाची नाही. बोरूत शाई थोडीच राहते. बुडवून उचलला की पहिली बोटभर रेघ जाड आणि ओली पडते, मग ती बारीक होते आणि शेवटी कोरडी, खरखरीत, तुटक होऊन संपते. त्यामुळे रेघ कुठे संपणार, हे बुडवण्याआधीच ठरवावे लागते. हे हाताला कळल्यावर मी त्या रेखाटनाच्या छायाप्रतीकडे पुन्हा पाहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा ते वाचता आले. जिथे माणसाचे वजन जमिनीवर टेकते तिथे रेम्ब्राँची रेघ ओली आहे. जिथे कापडावर उजेड पडतो तिथे ती संपत आलेली आहे. त्याने उजेड वेगळा काढलेला नाही, शाई संपण्याची जागा निवडली आहे. माझी पोती माणसे झाली ती या टप्प्यावर. त्यातही माझ्या तिरक्या टोकामुळे रेघ एका दिशेला रुंद आणि दुसऱ्या दिशेला नाजूक येऊ लागली, अक्षराच्या वळणासारखी. ते वळण रेम्ब्राँच्या रेखाटनात नाही. सुरुवातीला मला तो दोष वाटला. नंतर मी तो जपायला लागले.

याच सुटीत शेतात भरीत पार्टी झाली. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हिवाळ्यात आमच्याकडे हा सोहळाच असतो. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात मोठी हिरवी-पांढरी वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. वांगी उतरल्यावर निखारा उरतो, त्यात मी पऱ्हाटीच्या बोटभर काड्या भरलेला पत्र्याचा डबा पुरला. इंग्लंडमध्ये चित्रकारांचा कोळसा विलो नावाच्या झाडाच्या काड्यांचा करतात. तत्त्व एवढेच की काडी जळू द्यायची नाही, हवेशिवाय भाजू द्यायची. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडायचे, त्यातून धूर येतो, तो थांबला की डबा बाहेर काढून पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही. मी घाईने उघडला आणि पहिला डबा हवा लागताच पेटून राख झाला. दुसऱ्या डब्यातल्या काड्या मात्र चांगल्या निघाल्या. पऱ्हाटीचा कोळसा विलोपेक्षा किंचित कडक लागतो आणि त्याची रेघ करडी येते. मऊ छायेसाठी तो तितका चांगला नाही, पण झाडाच्या सालीसाठी त्याच्यासारखे दुसरे काही मला अजून मिळालेले नाही.

डबा थंड होण्याची वाट पाहत बसले असताना मी मान वर केली, तर निंबाखाली माझे वडील, दोन काका आणि शेजारचे एक बाबा गोल करून बसलेले होते. चौघे, झाडाखाली. मी बोरू काढला.

या गोष्टीला भुसावळशी जोडलेला आणखी एक धागा आहे, आणि तो मला लंडनला जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हता, याची खंत वाटते. मेजर रॉबर्ट गिल याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. त्याने अनेक वर्षे त्या दरीत राहून मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि लंडनला पाठवले. त्यांतले बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळून गेले. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम नव्याने केले. त्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच लागलेल्या आगीत गेल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरून जे तुकडे मधल्या काळात झिजले, त्यांच्यासाठी आता या नकलाच साक्षीदार आहेत. नकला करण्याच्या त्या काळात भिंतींवर चढलेले वार्निश पुढे पिवळे पडले, हेही खरे आहे आणि ते विसरता कामा नये. तरी त्या विद्यार्थ्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. परदेशी शिक्षकाच्या हाताखाली, अंधाऱ्या लेण्यात, आपल्याच पूर्वजांच्या रेषा ते पुन्हा शिकत होते. वाघूर नदी लेण्यांखालून निघून तापीला मिळते. मी निघाले तिथेच त्यांचे काम चालले होते, आणि मी ते पाहिले दुसऱ्या देशात.

म्हणून घरी असताना एक फळा लिंपून अजिंठ्यासारखी भिंत करून पाहिली. मी शेतातली काळी माती घेतली आणि दोन दिवसांत तिला बोटभर रुंद भेगा पडल्या. काळी पिकासाठी आणि पांढरी घरासाठी, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. मला ते ठाऊक असूनही सुचले नाही. पांढरीच्या मातीत भुसा आणि शेण कालवून केलेला दुसरा थर टिकला. अजिंठ्याच्या गिलाव्यातही मातीत वनस्पतींचे तंतू आणि तूस मिसळलेले आढळते. त्यावर चुन्याचा पातळ हात देऊन गेरूने एक खांदा आणि मान काढली. गेरू भिंतीत मुरत नाही, वर बसतो, आणि रेघ चुकली तर पुसता येत नाही. तो प्रयोग मी तिथेच थांबवला आहे; त्याला एक सुटी पुरणार नाही.

लंडनला परतल्यावर निंबाखालच्या चौघांची बारा रेखाटने भिंतीवर लावली. त्यांच्या शेजारी मी रेम्ब्राँच्या एका एचिंगची छायाप्रत टाचली. तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणाच्या थरात रेघा ओढून, पत्रा अम्लात बुडवून छापलेले हे छोटे चित्र १६५६ चे आहे, आणि त्यात बायबलमधला अब्राहाम आपल्या दाराशी आलेल्या देवदूतांचे आतिथ्य करतो आहे. पाहुणे खाली जमिनीवर गोलाकार बसलेले आहेत. ते बसणे त्या मोगल चौघांकडून आले आहे, हे आता मला कोणी सांगायला नको होते. पण रेम्ब्राँने त्यात एक दार काढले आहे, आणि दाराआड सारा, अब्राहामची बायको, उभी राहून ऐकते आहे. झाडाखालच्या चौघांत ती नव्हती.

माझ्या बारा रेखाटनांत आजी नव्हती. आई नव्हती, काकू नव्हत्या. त्या तेव्हा बांधापाशी, तीन दगडांच्या चुलीवर कळण्याच्या भाकरी थापत होत्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून मी चौघांना काढत होते. हे मला भुसावळात दिसले नाही, शेतात दिसले नाही. रेम्ब्राँच्या दाराकडे पाहताना दिसले. तेराव्या रेखाटनात मी आजीला मागे, दूर, चुलीशी काढले. ते फाडून टाकले नाही, पण लावलेही नाही. चौदाव्यात ती पुढे आली आहे, पाहणाऱ्याकडे पाठ करून, मोठी, आणि चौघे तिच्या खांद्यापलीकडे लहान होऊन बसले आहेत. तिच्या पाठीसाठी बोरू तीनदा बुडवावा लागला आणि तिसऱ्यांदा तो नेमका भाकरीवरच्या हातापाशी कोरडा पडला.

हे चित्र मला मोठ्या कागदावर करायचे आहे. बाटलीत आता बोटभर शाई उरली आहे. काल आईचा फोन आला होता. ओळखीतले एक जण जूनमध्ये इकडे येणार आहेत, आणि आजीने चुलीवरच्या कड्या खरवडून एक डबा भरून ठेवला आहे.