कणीक चालेल, भाकरी नाही: घरच्या फूड प्रोसेसरविषयी

फूड प्रोसेसर घ्यायचा की नाही हे दुकानातल्या मांडणीवरून ठरवू नये, आपल्या ओट्यावरून ठरवावे, असे माझे मत झाले आहे. जे यंत्र ओट्यावर कायम उभे राहू शकते आणि ज्याचे भांडे दोन मिनिटांत धुऊन होते, तेच रोज वापरले जाते. बाकीची यंत्रे दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली उतरतात आणि पुसून पुन्हा वर जातात. म्हणून आधी आपल्या स्वयंपाकात दर आठवड्याला हटकून करावी लागणारी कष्टाची कामे कोणती, ते पाहावे. आमच्या नाशिकच्या घरात ती चार निघाली: पोळ्यांची कणीक, भाजीचा कांदा, हिवाळ्यात हलव्याची गाजरे आणि उन्हाळ्यात वाळवणाचा बटाट्याचा कीस. यंत्रासोबत मिळणाऱ्या पंधरा-वीस जोडण्यांपैकी या चार कामांना लागतात जेमतेम तीन.

आपल्याकडे मिळणारा फूड प्रोसेसर असा का असतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हे यंत्र मुळात फ्रान्सचे. पिअर व्हर्दों यांच्या रोबो-कूप कंपनीने ते उपाहारगृहांसाठी बनवले, पुढे त्याचे घरगुती रूप मॅजिमिक्स या नावाने आले आणि 1973 मध्ये अमेरिकेत ते क्विझिनार्ट म्हणून दाखल झाले. भाजी चिरणे, किसणे आणि पीठ मळणे ही त्याची मूळ कामे होती. आपली गरज वेगळी होती. सुके खोबरे, धणे, भिजवलेली डाळ असे कठीण आणि चिवट पदार्थ वाटायला जोरकस मोटार हवी होती आणि ती 1960 च्या दशकात सुमीतसारख्या देशी मिक्सरने दिली. त्यामुळे आजचा बहुतेक भारतीय फूड प्रोसेसर म्हणजे मिक्सरचीच वेगवान मोटार, वाटणासाठी स्टीलची भांडी आणि त्यांच्या जोडीला वेग कमी करून फिरणारे एक मोठे पारदर्शक भांडे, असा संसार असतो. हे लक्षात घेतले की कोणते काम कोणत्या भांड्यात करायचे, याचा निम्मा गोंधळ मिटतो. काळ्या मसाल्याचे भाजलेले खोबरे आणि दगडफूल नेहमी स्टीलच्या भांड्यातच जावे; मोठ्या भांड्यात ते नीट बारीक तर होत नाहीच, उलट प्लॅस्टिकवर कायमचे ओरखडे पडतात.

कणकेसाठी हे यंत्र खरोखर उपयोगी आहे, पण त्याची एक रीत आहे. पीठ, मीठ आणि चमचाभर तेल भांड्यात घालून आधी काही सेकंद कोरडेच फिरवावे, मग वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडावे. पीठ गोळा होऊन पात्याभोवती फिरू लागले की यंत्र तिथेच थांबवावे. आणखी मऊ व्हावी म्हणून फिरवत राहिल्यास घर्षणाने कणीक गरम होते, चिवट होते आणि पोळी लाटताना मागे मागे सरकते. थांबवलेली कणीक झाकून वीसेक मिनिटे ठेवली की हवा तो मऊपणा आपोआप येतो. पुरणपोळीची सैल कणीक मात्र यंत्रात फक्त भिजवून घ्यावी आणि तेलाच्या हाताने तिंबण्याचे काम परातीतच करावे. एका वेळी किती पीठ घालायचे ते माहितीपुस्तकात दिलेले असते आणि ते काटेकोर पाळावे, कारण सैल पिठापेक्षा घट्ट कणकेचा मोटारीवर कितीतरी जास्त ताण येतो.

बाजरीच्या भाकरीच्या पिठासाठी मात्र यंत्राचा काहीही उपयोग नाही. गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन पाण्याशी मिळून जाळी धरते आणि पाते तीच जाळी घडवत असते. बाजरी आणि ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे पाते कितीही फिरले तरी पीठ फुटत राहते. आमच्या सासूबाईंनी हे यंत्र पाहताच विज्ञानाचा आधार न घेता सांगितले होते, "अगं, बाजरीचं पीठ एका भाकरीपुरतं घ्यावं आणि तळहातानंच रगडावं." ते तंतोतंत खरे आहे. ज्या घरात पोळीपेक्षा भाकरी जास्त होते, त्या घराने केवळ पीठ मळण्यासाठी हा खर्च करू नये.

कांद्याच्या बाबतीत बहुतेक तक्रार एकच असते, की खाली लगदा झाला आणि वर फोडी तशाच राहिल्या. याचे कारण भांड्याच्या रचनेत आहे. पाते तळाशी फिरते, तुकडे कडेला फेकले जातात आणि कडेवरून पुन्हा पात्यावर येतात. भांडे गच्च भरले की हे येणे-जाणेच थांबते. म्हणून चौकोनी फोडी करून भांडे निम्म्याहून कमी भरावे आणि यंत्र सलग न चालवता पल्सच्या, म्हणजे धरले तेवढाच वेळ फिरवणाऱ्या, खटक्यावर सेकंद-सेकंद फिरवावे. मिसळीवर घालायचा कांदा असा चार-पाच खटक्यांत होतो. त्याहून पुढे गेल्यास कांद्याला पाणी सुटते, उग्र वास येतो आणि तो परतताना लवकर लाल होत नाही. दोनच कांदे चिरायचे असतील तर सुरी बरी, हे माझे मत यंत्र घरात येऊनही बदललेले नाही.

किसण्याच्या चकतीने मात्र मला पूर्ण जिंकले आहे. हलव्याची दोन किलो गाजरे हाताच्या किसणीवर किसताना शेवटी बोटांची जी अवस्था होते, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. गाजरे नळीत उभी आणि दाटून बसवली तर कीस आखूड आणि एकसारखा पडतो. आडवी घातली तर लांब पडतो आणि हलव्याला तोच चांगला दिसतो. उपवासाच्या वाळवणासाठी बटाट्याचा कीसही उत्तम होतो, फक्त तो लगेच पाण्यात पडायला हवा, नाहीतर काळा पडतो. नळीत बोट कधीही घालू नये, सोबत दिलेल्या दट्ट्यानेच दाबावे आणि तेही हलके. जोर लावल्याने काम लवकर होत नाही, काप मात्र वेडेवाकडे पडतात.

खरेदीला निघाल्यावर मेन रोड, रविवार कारंजा आणि भांडी बाजार या पट्ट्यात पायी फिरून यंत्रे हाताळून पाहणे मला ऑनलाइन मागवण्यापेक्षा बरे वाटते. दुकानात पहिले वाक्य बहुधा "ताई, हजार वॅट आहे," हे असते. वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढते याचा आकडा, काम किती चांगले करते याचा नव्हे. चौघांच्या घराला 600 ते 750 वॅटचे यंत्र सहसा पुरते. अगदी 1000 वॅटचे यंत्रही 230 व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअरच घेते, म्हणजे ते 6 अँपिअरच्या चांगल्या सॉकेटवर चालते. टाळायची ती बारीक वायरची एक्स्टेन्शन. भांड्याची लिटरमधली क्षमता काठापर्यंतची असू शकते, म्हणून किती पीठ मळता येते तो आकडा विचारावा. झाकण स्वतः लावून आणि काढून पाहावे, कारण झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही आणि ती खाच अवघड असेल तर रोजचा त्रास मागे लागतो. पैसे देण्याआधी जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात त्या मॉडेलचे भांडे, झाकण आणि कपलर, म्हणजे मोटार आणि पाते जोडणारा तुकडा, सुटे मिळतात का, हे विचारून यावे. मोटारीची वॉरंटी पुष्कळदा पाच वर्षांची असते, पण आधी तुटते ते झाकणाचे कान.

निगा राखण्यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भांडे लगेच धुणे. कणीक वाळली की पात्याच्या मधल्या पोकळ दांड्यात ती सिमेंटसारखी बसते, आणि तिथली ओल व पीठ यांचाच पुढे वास येतो. कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून भांडे काही सेकंद फिरवावे, मग दांडा बारीक ब्रशने घासावा. उकळते पाणी घालू नये, त्याने पारदर्शक प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. गाजराचा केशरी रंग तेलाच्या बोटाने पुसला की निघतो आणि हळदीचा डाग नाशिकच्या उन्हात ठेवल्यावर बराच फिका होतो. पाते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण फेसात न दिसल्याने हात कापतो. भांडे ठेवताना झाकण सैल असावे.

धुताना पात्याकडे उजेडात एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी. डिसेंबर 2016 मध्ये क्विझिनार्टने उत्तर अमेरिकेतील सुमारे 80 लाख फूड प्रोसेसरची रिव्हेट लावलेली पाती परत बोलावली होती, कारण कालांतराने पात्याला तडा जाऊन धातूचा कण अन्नात पडण्याचा धोका होता. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, तडा, वाकलेले टोक किंवा दांड्यात हलणारे पाते दिसले तर ते वापरणे थांबवावे.

मोटारीला विश्रांती लागते. पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबवण्याची सूचना बहुतेक माहितीपुस्तकांत असते, आणि एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरच तापलेले असताना ती अधिक मनावर घ्यावी. यंत्राखाली कापड किंवा वर्तमानपत्र अंथरू नये, हवा जाण्याच्या फटी खालच्या बाजूला असतात. यंत्र मध्येच बंद पडले तर प्लग काढून भार कमी करावा, मोटार निवू द्यावी आणि मग जास्त भार आला की उडून मोटार बंद करणारे तळाचे लाल बटण दाबावे. ते पुन्हा पुन्हा उडत असेल तर आपण भांड्यात जास्त घालत आहोत. खडखड आवाज आणि खाली काळी भुकटी दिसली तर कपलर झिजला आहे. तो बसवताना बहुतेक यंत्रांत आटे उलटे असतात, म्हणून सवयीने फिरवून जोर लावू नये. मोटारीतून ठिणग्या जास्त दिसू लागल्या किंवा यंत्र अडखळत चालू लागले तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे, बदलायची वेळ आलेली असते आणि ते काम स्वस्तात होते. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतले तारेचे वेटोळे, जळले असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर मात्र दुरुस्तीचा अंदाज घेऊनच निर्णय घ्यावा. तो नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर मी नवे घेईन, आणि जुन्याचे भांडे व चकत्या नव्याला बसतात का ते आधी पाहीन.