कॅन्युला, चिमटे आणि इंदूरचं जड पाणी

मोतीबिंदूची नाजूक हत्यारं बिघडतात ती बहुधा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) नाही, त्याआधी धुताना. शस्त्रक्रियेत डोळ्यात भरतात ते घट्टसर व्हिस्कोइलॅस्टिक जेल एकदा का कॅन्युलाच्या, म्हणजे पोकळ सुईसारख्या हत्याराच्या, नळीत वाळलं की निघता निघत नाही, आणि त्याच्या आड वाफ पोचत नाही. म्हणून शस्त्रक्रिया संपताच सिरिंजने डिस्टिल्ड पाणी जोरात सोडा, मग हवा सोडून नळी कोरडी करा. सलाइनमध्ये भिजत घालू नका. क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. ब्लीचचं तर नावच नको.

इंदूरला नळाला नर्मदा येते, पण बऱ्याच इमारतींच्या टाकीत बोअरचं पाणीही मिसळतं. ते जड, म्हणजे क्षारांचं. शेवटचं खळबळणं डिस्टिल्डनेच, नाहीतर चिमट्यांच्या टोकांवर पांढरे डाग धरतात.

ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर, गुंडाळलेल्या ट्रेला ३० मिनिटं. घड्याळ तापमान गाठल्यावरच लावायचं. आपलं शहर साधारण ५५० मीटर उंचीवर, बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे दाबाचा काटा १५ पौंड दाखवतो तेव्हा आत जेमतेम १२० अंश असतात. हवा अडकली असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा दाबावर विसंबू नका, तापमान बघा. प्रत्येक पॅकमध्ये रंग बदलणारी इंडिकेटर पट्टी, आठवड्याला एक स्पोअर टेस्ट, म्हणजे जंतूंची चिवट बीजं (स्पोअर) मरतात का ते बघायचं.

आणि हत्यारं बुडवून ठेवायचं ते जंतुनाशक, २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड? २० मिनिटांत जंतू मरतात, स्पोअर नाहीत. त्यांना १० तास लागतात. तरीही डोळ्याच्या आत जाणाऱ्या हत्याराला ते नकोच. नळीत राहिलेला अंशही कॉर्नियाच्या आतल्या पेशी जाळतो.