गुडघेदुखी आणि ऊन पाण्याचे उपचार: एका बुडीने भागत नाही

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात पैनगंगेकाठी उनकेश्वरला गंधकाच्या पाण्याचे ऊन झरे आहेत. तिथे बुडी मारली की गुडघे मोकळे होतात, असं त्या भागात म्हातारी माणसं सांगतात. आराम पडतो हे खरं. पण एका बुडीचा आराम चार-दोन तासांत ओसरतो. ऊन पाण्याचा खरा उपयोग पाहिजे असेल तर ते सलग दोन-तीन आठवडे घ्यावं लागतं, मोजून घ्यावं लागतं आणि पाण्यात नुसतं बसून न राहता गुडघा हलवावा लागतो.

युरोपात हा उपचार रीतसर चालतो. फ्रान्समध्ये डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि रुग्ण तीन आठवड्यांत १८ दिवस झऱ्याच्या ठिकाणी उपचार घेतो. तिथल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. गुडघ्याची झीज झालेले साडेचारशेच्या आसपास रुग्ण त्यात होते. सगळ्यांना घरचे व्यायाम आणि नेहमीची औषधं होती, निम्म्यांना त्यावर हे १८ दिवस मिळाले. सहा महिन्यांनी जाणवण्याइतका फरक पडलेले लोक पाण्याच्या गटात शंभरात ५१ होते, दुसऱ्या गटात ३६. फरक चांगला आहे, पण चमत्कार नाही. शिवाय पाण्यात बसलेल्याला आपण उपचार घेतोय हे कळतंच, त्यामुळे त्यात थोडा वाटा विश्रांतीचा आणि आशेचाही असणार. झिजलेली गादी परत येत नाही, वाकलेला पाय सरळ होत नाही. दुखणं आणि आखडलेपण कमी होतं, आणि सत्तरीतल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

गंधकाला सगळं श्रेय देऊ नये. पाण्यातले क्षार आणि वायू कातडीतून आत जातात ते अगदी थोडे. मोठं काम होतं उष्णतेनं आणि पाण्याच्या उचलण्यानं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचा निम्म्याच्या आसपास भार हलका होतो, छातीइतक्या पाण्यात दोन-तृतीयांश. ६५ किलोच्या बाईच्या पायांवर कमरेइतक्या पाण्यात तीस-बत्तीस किलोच येतात. जमिनीवर जी पायरी चढवत नाही ती पाण्यात चढवते, आणि ती चढायला लागणारे मांडीचे स्नायू परत कामाला लागतात. म्हणून पाण्यात गप्प बसणं म्हणजे निम्मा उपचार वाया घालवणं.

मापं नीट धरा. नुसतं बसून शेकायचं असेल तर पाणी ३६ ते ३८ अंश, वेळ १५ ते २० मिनिटं. वय झालेल्यांनी ४० च्या वर जाऊच नये. उभं राहून व्यायाम करायचे असतील तर ३३ ते ३५ अंश पुरे, कारण जास्त ऊन पाण्यात हालचाल केली की छाती धडधडते आणि गळून गेल्यासारखं होतं. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याचं माप ४२ च्या आसपास संपतं आणि काचेचा असेल तर फुटतो. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. मधुमेहात काहींच्या पायांची जाणीव गेलेली असते, अशा माणसानं पाय घालून पाणी पाहू नये. दुसऱ्यानं कोपर बुडवून पाहावं.

पाण्यात काय करायचं? पायरीवर बसून गुडघा सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. प्रत्येक पायाला दहा वेळा. मग कठडा धरून उभं राहा, पाय सरळ ठेवून बाजूला दहा वेळा उचला, थोडंसं वाका आणि उठा, तेही दहा वेळा. शेवटी पाच मिनिटं पुढे, मागे आणि आडवं चालायचं. आडवं चालणं बहुतेकजण गाळतात आणि डुगडुगणाऱ्या गुडघ्याला गरज त्याचीच जास्त असते.

बाहेर येताना सगळ्यात जास्त घोळ होतो. ऊन पाण्यात रक्तवाहिन्या फुगतात, बाहेर पाण्याचा दाब सुटतो आणि रक्तदाब झपकन उतरतो. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, लघवीची गोळी किंवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर चक्कर येण्याची भीती जास्त. पायरीवर दोन-तीन मिनिटं बसा, मग कठडा धरून उठा. एक ग्लास पाणी किंवा ताक प्या आणि अर्धा तास पांघरूण घेऊन पडा. इन्सुलिन टोचून लगेच ऊन पाण्यात उतरू नका, उष्णतेनं ते भराभर शोषलं जातं आणि साखर उतरते. दुखण्याचा मलम किंवा चिकटपट्टी लावून पाण्यात उतरणंही टाळा.

पहिल्या आठवड्यात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, दुखणं वाढल्यासारखं वाटतं. याला घाबरून लोक सोडून देतात. एक-दोन दिवस वेळ निम्मी करा, बंद करू नका. मात्र गुडघा सुजून लाल आणि गरम झाला किंवा ताप आला तर ताबडतोब थांबून डॉक्टरांना दाखवा. उघडी जखम, पोटरीत नुकतीच झालेली रक्ताची गाठ, आवाक्याबाहेर गेलेला रक्तदाब, हृदयाचा न सावरलेला आजार आणि फिट येणाऱ्या माणसांनी मुळीच उतरू नये. गुडघ्याची वाटी बदललेल्यांनी टाके पूर्ण भरेपर्यंत थांबावं.

कुंडात जाणार असाल तर आधी शेवाळ पाहा. दगडाच्या ओल्या पायऱ्यांवर एकट्यानं उतरू नये, एक माणूस पाण्यात आधी उतरलेला असावा. उनकेश्वरला त्वचारोगाचे रुग्णही येतात, तेव्हा टाचेला भेगा किंवा कातडी फुटलेली असेल तर उतरणं टाळा. डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका, ऊन गोड्या पाण्यात क्वचित मेंदूला घातक ठरणारा अमीबा असतो. जोडवी आणि पैंजण आधी काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, आणि सुजलेल्या बोटातली जोडवी तिथे ऐनवेळी निघत नाहीत.

आता घरचं. आपल्याकडे टब कुणाच्या घरी असतो? बादलीत पोटरीच बुडते, गुडघा वरच राहतो. प्लास्टिकच्या टिपाडात उतरणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. शेततळ्यात तर कधीच नाही, त्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून तरण्याताठ्या माणसालाही वर येता येत नाही. सोपा मार्ग म्हणजे जाड टर्किश टॉवेल. बादलीत आधी गार पाणी, मग उकळतं: एक तांब्या उकळत्याला चार तांबे टाकीचं पाणी, थंडीत तीन. असं केलं की चाळीसच्या जवळपास येतं. टॉवेल भिजवा, पिळा, दोन्ही गुडघ्यांना गुंडाळा आणि वरून कोरडा पंचा बांधा. पाच मिनिटांनी बदला, असं चार वेळा. मग लगेच खुर्चीवर बसून वर सांगितलेला गुडघा सरळ करण्याचा व्यायाम. छतावर सोलर असेल तर दुपारच्या पहिल्या धारेखाली हात धरू नका, ते पाणी सत्तर अंशांवर जाऊ शकतं.

एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी दुपारी आपोआप ऊन असतं, पण बाहेर ४२ अंश असताना शेकत बसू नका. सकाळी सहा-सात वाजता व्यायाम करा आणि शेक सोडून द्या. सलग तीन आठवडे काढायला सोयाबीन निघाल्यानंतरचे, दिवाळी ते संक्रांत हे दिवस बरे. घरात माणसंही मोकळी असतात.

कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त मिळतं म्हणून ते पाण्यात घालणारे आहेत. ते पिकासाठीचं असतं, माणसाच्या अंगाला लावण्यासाठी ते शुद्ध केलेलं नसतं. शिवाय असं कुठलंही मीठ पाण्यात घातल्यानं गुडघ्याच्या आत काही पोचतं याला भक्कम आधार नाही. रानातली काळी माती लावण्याचंही तेच, तीत फवारणीची औषधं असतात आणि धनुर्वाताचे जंतू राहतात.

उपचार सुरू करण्याआधी एक मोजणी करा. हात छातीवर घेऊन खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते कॅलेंडरवर लिहा. शेजारी शून्य ते दहात दुखण्याचा आकडा लिहा. तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. उठबस दोनने वाढली आणि दुखणं दोनने उतरलं तर उपचार लागू पडला, व्यायाम चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करा. आकडे तिथेच असतील तर आणखी पाणी तापवण्यात वेळ घालवू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.