पुलाला छप्पर कशाला?

अमेरिकेतले छपराचे लाकडी पूल फोटोत पाहिले की वाटतं, वाटसरू भिजू नयेत म्हणून ही सोय असावी. ते छप्पर खरं तर पुलाच्या लाकडासाठी असतं. टिमथी पामरने फिलाडेल्फियात बांधलेला १८०५चा पूल अमेरिकेतला पहिला छपराचा पूल मानतात. उघडा ठेवला तर दहा-बारा वर्षं, झाकला तर तीस-चाळीस, असा खुद्द पामरचा अंदाज होता. तो फारच सावध निघाला. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटला जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल १८६६चा, सुमारे १३७ मीटर लांब, आणि अजून वापरात आहे.

जुन्या नाशकात वाड्यांची डागडुजी करणाऱ्या सुताराला यात नवल वाटणार नाही. माजघरातली तुळई ठणठणीत असते आणि पागोळ्यांखाली आलेलं तिचंच टोक हाताने भुगा होतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी धरत नाही. उघड्या पृष्ठभागावरचं पाणी उन्हाने उडून जातं, पण खाचेत, खुंटीभोवती, दोन फळ्यांच्या मध्ये शिरलेलं वाळत नाही. पुलाच्या कैचीत, म्हणजे भार पेलणाऱ्या लाकडी सांगाड्यात, असे सांधे शेकड्यांनी असतात.

त्यातही अमेरिकन वास्तुशिल्पी ईथिएल टाउनची जाळीची कैची, पेटंट १८२०चं. साधारण तीन इंच जाड आणि दहा-बारा इंच रुंद फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदत लावायच्या आणि प्रत्येक छेदावर ओकच्या खुंट्या ठोकायच्या. अवजड तुळया नकोत, निष्णात सुतारही नको. गिरणीतल्या फळ्या आणि भोक पाडायचं गिरमिट पुरे. पेटंट वापरू देण्याचा टाउन पुलाच्या फुटामागे एक डॉलर घ्यायचा, न विचारता बांधला तर दोन, असं सांगतात. खोट एकच, पातळ फळ्यांची ही भिंत कालांतराने आडवी पिळते. कॉर्निश-विंडसरला म्हणूनच की काय, फळ्यांऐवजी चौकोनी जाड लाकडं वापरली आहेत.

पाहणी करताना सगळे आधी वर बघतात. छप्पर गळत असेल तर ते दिसतंच. घात होतो तो दोन्ही टोकांना, जिथे कैचीची खालची तुळई काठावरच्या दगडी पायावर टेकते. रस्त्याची माती, पालापाचोळा वाहत येऊन तिथे साचतो आणि वर्षभर ओल धरून राहतो. टोचा घेऊन खालून टोचून पाहावं. वरून लाकूड खणखणीत वाजलं तरी आतून पोकळ असू शकतं. जाणते बांधणारे तुळई आणि दगड यांच्यामध्ये एक सुटं आडवं लाकूड घालत. कुजलं तर ते कुजावं, जॅकने पूल जरासा उचलून तेवढंच बदलावं.

आपल्या वाड्यांत हेच काम खांबाखालचा दगडी तळखडा करतो. पुढे कोणी फरशीवर फरशी चढवत गेलं, तळखडा गाडला गेला, की खांबाचा बुंधा जमिनीची ओल पिऊ लागतो. बुंधा कापून सागाचाच तुकडा जोडता येतो, पण आधी फरशी उतरवायला हवी. नाहीतर नवा तुकडाही त्याच वाटेने जातो.

पुरापुढे मात्र छपराचा काही उपयोग नाही, उलट अडचणच. बाजूच्या फळ्यांमुळे पूल म्हणजे बंद पेटी. पाणी तुळईला लागलं की ती तरंगू पाहते आणि प्रवाह तिला आडवा रेटतो. २८ ऑगस्ट २०११ला आयरीन वादळाच्या पुरात व्हरमाँटचा बार्टन्सव्हिल आणि न्यू यॉर्कचा ब्लेनहाइम असे दोन जुने पूल एकाच दिवशी गेले. नाशकात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडतो तेव्हा गोदेच्या पाण्यात काय काय वाहत येतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना रामकुंडाजवळ असा पूल किती टिकला असता हे विचारावं लागणार नाही.

आग हा दुसरा शत्रू. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा चौदाव्या शतकातला छपराचा लाकडी पूल कापेलब्रुके १८ ऑगस्ट १९९३च्या रात्री बराचसा जळाला. पुढच्या एप्रिलमध्ये तो पुन्हा खुला झाला.

रंगाचं तेवढं सांगायला हवं. वाऱ्यासाठी बाजूच्या फळ्या वरपर्यंत न नेता छपराखाली फट सोडतात. ती बंद करून आतून जाड ऑइल पेंट फासला की शिरलेली ओल आतच कोंडते. भिंतीत शिरलेल्या तुळईच्या शेपटाभोवती सिमेंटचा गिलावा केला की वाड्यातही तेच होतं. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.