सात, अकरा आणि बाकीचे तिघे

उपांत्य सामना आम्ही ५८-५२ असा हरलो, त्याला तीन आठवडे झाले. नवी मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचा मी सहायक प्रशिक्षक आहे. सामन्यात बेंचच्या टोकाला बसून आकडे ठेवणं हे माझं काम. त्या दिवसापासून पालक, प्राध्यापक, जुने खेळाडू सगळे एकच म्हणतायत: "दोन गार्डांच्या जिवावर किती दिवस चालणार?" गार्ड म्हणजे चेंडू वर आणून खेळ चालवणारे खेळाडू; आमचे दोघे म्हणजे जर्सी नंबर सात आणि अकरा. असं म्हणणाऱ्यांचं चुकतंय असं नाही. पण नेमकं काय चुकलं ते या वाक्यात येत नाही, आणि माझ्या वहीत ते आहे.

आधी वहीबद्दल. डाव्या पानावर अर्ध्या मैदानाचं चित्र. प्रत्येक शॉटच्या जागी जर्सी नंबर, शॉट रिंगमध्ये गेला तर त्याभोवती गोल. उजव्या पानावर फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा बिनअडथळ्याचा शॉट) आणि टर्नओव्हर (शॉट न घेताच चेंडू गमावणं). नंबराशेजारी मी आणखी एक बारीक आकडा लिहितो: शॉट सुटला तेव्हा चोवीस सेकंदांच्या घड्याळात, म्हणजे ज्या वेळात शॉट घ्यावाच लागतो त्यात, किती उरले होते. बरेच जण हा आकडा ठेवत नाहीत. त्या मैदानावर ते घड्याळ टेबलावर होतं, खेळाडूंना मान वळवल्याशिवाय दिसत नव्हतं. मला मात्र समोरच दिसत होतं.

चाल म्हणजे चेंडू आपल्या ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचा एक हल्ला. खेळाडू संघाच्या किती चाली 'संपवतो', हे काढायची रीत सोपी आहे. त्याचे शॉट, अधिक फ्री थ्रोचे ०.४४ पट, अधिक टर्नओव्हर. हीच बेरीज संपूर्ण संघाची करायची आणि पहिलीला दुसरीने भागायचं. खेळाडू मधे बाहेर बसला असेल तर त्याच्या मिनिटांचा हिशोब वेगळा करावा लागतो. फ्री थ्रो अर्धे न धरता ०.४४ पट का? कारण शॉट जाऊनही फाउल मिळाला तर वरचा एक फ्री थ्रो नवी चाल खर्च करत नाही. टेक्निकल फाउलवर (गैरवर्तनासारख्या चुकीबद्दल) मिळणाऱ्या फ्री थ्रोचंही तसंच.

पहिल्या अर्धात संघाचे ३० शॉट, ८ फ्री थ्रो, ७ टर्नओव्हर, म्हणजे साधारण ४०.५ चाली. सात नंबरचे ११ शॉट, ४ फ्री थ्रो, २ टर्नओव्हर. अकरा नंबरचे ९, २ आणि २. दोघंही वीसच्या वीस मिनिटं मैदानात. दोघांचा मिळून वाटा जवळपास ६६ टक्के. पाच जणांत चाली सारख्या वाटून दिल्या असत्या तर दोघांचे ४० झाले असते.

आणि तरीही आम्ही ३५-२७ पुढे होतो. या दोघांचे २५ गुण. उरलेल्यांनी १० शॉट घेतले, ५ गेले. बहुतेक रिंगखालचे, सातने आत घुसून दोन बचावपटू ओढले आणि शेवटच्या क्षणी सोडलेल्या पासवरचे. ६६ टक्क्यांतच आजार आहे असं म्हणणाऱ्यांनी हे पान बघावं. उत्तम गार्डच्या हातात चेंडू देणं हा मूर्खपणा नव्हे. जो चांगला निर्णय घेतो त्याच्याकडेच निर्णय सोपवायचा असतो.

मध्यंतरानंतर समोरच्या ठाण्याच्या संघाने ट्रँगल अँड टू लावला. त्यांचे कोच आमचा आधीचा सामना गॅलरीत बसून बघत होते, हातात कागद होता. तयारी म्हणतात ती ही.

ज्यांनी हा बचाव पाहिला नाही त्यांच्यासाठी: दोन बचावपटू दोन ठरलेल्या खेळाडूंना चिकटतात. चेंडू कुठेही असो, ते चेंडूकडे बघतच नाहीत, आपल्या माणसाच्या छातीकडे बघतात आणि त्याला पासच मिळू देत नाहीत. उरलेले तिघे पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आयतात, त्रिकोण करतात, एक फ्री थ्रो लाइनजवळ, दोन रिंगच्या दोन बाजूंना. म्हणजे विंग (मैदानाच्या दोन्ही बाजू) उघडे, कोपरे उघडे, बेसलाइनवरची (रिंगमागच्या शेवटच्या रेषेलगतची) रिंगपासून तीन-साडेतीन मीटरची जागा उघडी. तो संघ उघडच सांगत असतो, हे तिघे मारणार असतील तर मारू देत.

ओळखायची खूण एकच. एका खेळाडूला त्रिकोणातून आरपार पळवायचं आणि कोण त्याच्या मागे जातं ते बघायचं. सात पळाला, त्याचा माणूस चेंडूकडे पाठ करून मागे गेला. नऊ पळाला, कोणीच हललं नाही. दोन चालींत कळायला हवं होतं. आमच्या बेंचला साडेचार मिनिटं लागली, त्यात माझाही वाटा आहे. मी पहिल्यांदा बॉक्स अँड वन (एक बचावपटू एकाला चिकटतो, उरलेले चौघे चौकोन करतात) समजून तसं सांगितलं, आणि ते चूक होतं. टाइमआउट घेतला तेव्हा ३७-३६ झालं होतं.

दुसऱ्या अर्धात तीन टाइमआउट असतात, प्रत्येकी एक मिनिट. त्या मिनिटात आमच्या मुख्य कोच सरांनी दोन्ही गार्डांना सोडवण्यासाठी उंच मुलांच्या स्क्रीन आखल्या, म्हणजे पहारेकऱ्याच्या वाटेत अंगाने आडवं उभं राहायचं. सरांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ही आखणी चुकीची होती असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय, म्हणून इथेही लिहितो. स्क्रीन लावायला आमचा उंच मुलगा बाहेर आला की जिथे जागा उघडी होती तिथला आपलाच माणूस आपण हलवतो. शिवाय गार्ड स्क्रीनवरून सुटून आत वळला की समोर त्रिकोणाचा शेंडा उभाच असतो. म्हणजे पुन्हा दोघे अंगावर.

करायचं उलटं. दोन्ही गार्डांना एकाच बाजूच्या कोपऱ्यात उभं करायचं, त्यांचे दोन पहारेकरीही तिथेच अडकतात. मग उरतात तीन विरुद्ध तीन, मोकळ्या अर्ध्या मैदानात. एक हाय पोस्टला (फ्री थ्रो लाइनजवळ), एक विंगला, एक बेसलाइनवर. चेंडू हाय पोस्टला गेला की त्रिकोणाचा शेंडा त्याच्यावर येतो, बेसलाइनचा माणूस रिंगकडे सरकतो, खालचे दोन बचावपटू अडचणीत येतात. शॉट चुकला तरी त्रिकोणातल्या बचावपटूंना रिबाउंडसाठी कोणाला अडवायचं ते ठरलेलं नसतं, म्हणून मागून धावत येणाऱ्याला चेंडू मिळतो. आणि सगळ्यात सोपं, त्यांचा त्रिकोण बसायच्या आत पळायचं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचे सहा गुण झाले, त्यांचे सतरा. बाकीच्यांनी ११ शॉट घेतले, २ गेले. गॅलरी ओरडत होती, "मोकळे शॉटपण जात नाहीत यांचे!" जवळपास सगळे मोकळे होते हे खरं. पण माझ्या बारीक आकड्यांचा रकाना वाचा. त्या ११ शॉटपैकी ७ शॉट घड्याळात सहा किंवा त्याहून कमी सेकंद उरले असताना सुटले, ते सगळे चुकले. उरलेल्या चारांतले दोन गेले. एका क्वार्टरचे अकरा शॉट म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण प्रत्येक चालीत काय घडलं ते मी पाहिलंय. चेंडू पंधरा नंबरच्या हातात आला. तो मोकळा. त्याने मान वळवून सातला शोधलं. सात झाकलेला. त्याने अकराला शोधलं. अकरा झाकलेला. चेंडू नऊकडे. नऊनेही तेच केलं. टेबलवरचा मुलगा शेवटचे पाच आकडे मोठ्याने मोजू लागला की ज्याच्या हातात होता त्याने फेकला. पाय जुळलेले नाहीत, खांदे रिंगकडे नाहीत. उभ्या जागी हाच मुलगा दहातले सहा घालतो.

ही सवय कुठून आली ते मी या तीन आठवड्यांत शोधतोय. सापडली ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण पावसाळा. आमचं मैदान उघडं, सिमेंटचं. जून ते सप्टेंबर त्यावर शेवाळ धरतं, तिथे पळवलं तर घोटे जातील. छपराखालचं मैदान तासावर भाड्याने मिळतं, पण कॉलेजच्या बजेटात ते बसत नाही. म्हणून चार महिने सराव इमारतीच्या स्टिल्टखाली, गाड्यांच्या मधे. तिथे रिंग नाही. दोन चेंडूंचं ड्रिबल, शंकूंमधून क्रॉसओव्हर, भिंतीवर पास, पायांचं काम. हे सगळे गार्डांचे व्यायाम. सात आणि अकरा ऑक्टोबरमध्ये मैदानावर आले ते हात सोन्याचे करून. पंधराने आणि नऊने चार महिन्यांत रिंग जेमतेम पाहिली होती.

दुसरं ठिकाण हजेरीपट. पंधरा बारावीला आहे, वाशीला क्लास, आठवड्यातून दोनच दिवस सरावाला येऊ शकतो. नऊचंही थोडंफार तसंच. दोन्ही गार्ड चालत येण्याच्या अंतरावर राहतात, एक दिवस चुकत नाहीत. त्यामुळे रोजचा सराव आपोआप त्यांच्याभोवती बेतला गेला. असं धोरण कोणी ठरवलं नव्हतं. जो रोज येतो त्याच्यासाठी चाल आखली जाते, इतकं साधं. वर स्थानिक स्पर्धांत 'सर्वोत्कृष्ट खेळाडू'चा करंडक बहुतेक वेळा सर्वाधिक गुणांवर देतात. स्क्रीन लावणाऱ्याला कोण करंडक देतो?

आणि आधीच्या पाच सामन्यांची पानं जोडली तर सात आणि अकरा एकाच वेळी बेंचवर होते ती मिनिटं होतात सहा. सगळी जिंकून झालेल्या सामन्यांच्या शेवटची. मला ही गोष्ट ६६ टक्क्यांपेक्षा जास्त छळते. बाकीचे तिघे वाईट आहेत की चांगले, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही.

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली तेव्हा एका पालकांनी एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या पोर्टलंडचं उदाहरण दिलं. डेमियन लिलार्ड आणि सीजे मॅकॉलम, दोन्ही गार्ड. २०१८ च्या प्लेऑफमध्ये पहिल्याच फेरीत न्यू ऑर्लिन्सने त्यांना ४-० हरवलं, लिलार्डवर ड्रू हॉलिडे आणि वर सतत ट्रॅप, म्हणजे दोघांनी मिळून घेरणं. उदाहरण बरोबर आहे, पण त्याच जोडीने २०१९ मध्ये पश्चिम विभागाची अंतिम फेरी गाठली. मी दुसरं उदाहरण दिलं. २०१९ च्या अंतिम मालिकेचा दुसरा सामना. गोल्डन स्टेटचा क्ले थॉम्पसन जखमी होऊन बाहेर गेल्यावर टोरोंटोने त्याचा सहकारी स्टीफन करीवर बॉक्स अँड वन लावला, फ्रेड व्हॅनव्हलीट त्याला चिकटला, आणि गोल्डन स्टेटचे शॉट पाच मिनिटांहून जास्त वेळ अडले. सामना संपवणारा तीन गुणांचा शॉट मारला तो आंद्रे इगुओडालाने, ज्याला बचावाने मुद्दाम मोकळं सोडलं होतं. गोल्डन स्टेट १०९-१०४ जिंकलं. करीवर ट्रॅप पडला की चेंडू ड्रेमंड ग्रीनकडे जायचा, तो मधे घेऊन चार विरुद्ध तीन खेळायचा. दोन गार्डांवर उभा असलेला संघ टिकतो तो अशा तिसऱ्या माणसामुळे. पालकांनी विचारलं, "सर, मग आपला ग्रीन कोण?"

ते विचारत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चौथा क्वार्टर होता. तीन मिनिटं उरलेली असताना अकराला पाचवा फाउल मिळाला, तो बाहेर. आता ठाण्याचा संघ खरोखरच बॉक्स अँड वनमध्ये गेला. ४० सेकंद उरले, ५२-५५. मधल्या रेषेजवळ सातवर दोघे धावले. त्याने ट्रॅप पूर्ण होण्याआधी चेंडू हाय पोस्टला पंधराकडे सोडला, अगदी वेळेवर. चार विरुद्ध तीन. नऊ उजव्या कोपऱ्यात, दुसरा मुलगा डाव्या बेसलाइनवर, दोघेही मोकळे. पंधराने चेंडू छातीशी धरला आणि मागे वळून सातला शोधलं. मग एक ड्रिबल टाकलं, ते मागून आलेल्या हाताने काढून घेतलं. त्या मुलाने पळत जाऊन रिंगखालून लेअप घातला, वर फाउल, फ्री थ्रो. ५८.

बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "सर, कोणाला देऊ तेच कळलं नाही." मी त्याला काही बोललो नाही. ऑक्टोबरपासूनच्या सरावाच्या नोंदी मी नंतर तपासल्या. हाय पोस्टला चेंडू घेऊन चार विरुद्ध तीन खेळण्याचा सराव त्याने एकदाही केलेला नव्हता. त्याची चूक धरायची तर कशाच्या आधारावर?

आता आठवड्यातले ते दोन दिवस, पंधरा आणि नऊ येतात ते, आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवलेत. आधी बेसलाइनची जागा आणि फ्री थ्रो लाइनची दोन टोकं, प्रत्येक जागेवरून वीस शॉट, पण पास पकडल्यापासून दीड सेकंदाच्या आत. उशीर झाला तर गेलेला शॉटही मोजायचा नाही. मग हाय पोस्टवरून चार विरुद्ध तीन, दहा चाली, चेंडू हातात आल्यावर मागे बघायला बंदी. मग पंधराने चेंडू स्वतः वर आणायचा, अंगावर एक बचावपटू, आठ सेकंदांत मधली रेषा पार. शेवटी पाच विरुद्ध पाच, आठ-आठ मिनिटांचे दोन डाव, घड्याळ २४ ऐवजी १४ वर लावलेलं. पहिल्या डावात सात आणि अकरा कोपऱ्यात उभे राहतात, त्यांनी शॉट घ्यायचा नाही. वहीत नवा रकाना आखलाय: पास पकडल्यापासून सुटेपर्यंत किती सेकंद.

गेल्या शनिवारी पंधराने हाय पोस्टला चेंडू घेतला आणि मागे न बघता नऊला कोपऱ्यात दिला. मी लिहिलं, एक पूर्णांक दोन. नऊचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला. मी तरी त्या नोंदीखाली रेघ ओढली.

सात डाव्या कोपऱ्यात हात कमरेवर ठेवून उभा होता. त्याचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, आणि तिथे त्याला कोणी कोपऱ्यात उभं राहताना बघायला येणार नाही. त्याने विचारलं, "सर, अजून किती वेळ?" मी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, "तीन मिनिटं." त्याने मान हलवली आणि तसाच उभा राहिला.