तुम्ही विचारलंत म्हणून : दुप्पट किमतीच्या गाडीत दुप्पट काय असते?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंड उघडे ठेवून बसलेलो असताना, मला हा प्रश्न विचारला गेला आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी यांच्या मुळातच महाग असलेल्या गाड्यांचे जे अतिवेगवान अवतार निघतात, म्हणजे एम, एएमजी आणि आरएस, त्यांच्यासाठी जवळजवळ दुप्पट पैसे मोजणे रास्त आहे का, असा तो प्रश्न. मला विचारण्याचे कारण एवढेच की भोसरीच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे सस्पेन्शनचे, म्हणजे चाके सांगाड्याला जोडून धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, रबरी बुश बनवले. बुश हा गाडीतला असा भाग आहे की तो खडखड करू लागेपर्यंत त्याचे नावही मालकाला माहीत नसते. परंतु या प्रश्नाचे माझे उत्तर मला त्या रबरातच सापडले, इंजिनात नव्हे.

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात तो असतो. गाडीवर ‘एम’ हे अक्षर दिसले म्हणजे ती एम गाडी झाली, असे नाही. ‘एम स्पोर्ट’ हा मुख्यतः पोशाख आहे : वेगळा बंपर, वेगळी चाके, जाड स्टिअरिंग. त्याच्या वरची पायरी एम340आय यांसारख्या गाड्यांची. त्यांत इंजिन खरोखर दांडगे असते, पण गाडीचा सांगाडा बराचसा नेहमीचाच असतो. आणि तिसरी पायरी खऱ्या एमची, म्हणजे एम2, एम3, एम4, एम5. मर्सिडीजमध्ये हीच उतरंड एएमजी लाइन, मग 43 किंवा 53, आणि मग 63 अशी लागते. ऑडीत एस लाइन, एस आणि आरएस. पहिल्या पायरीविषयी माझे काही म्हणणे नाही. हौसेला मोल नसते. प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमधल्या अंतराचा आहे, कारण पैशांची खरी उडी तिथे घ्यावी लागते.

ही तिसरी पायरी शर्यतीतून आली. बीएमडब्ल्यूने 1972 साली मोटरस्पोर्टसाठी वेगळी कंपनी काढली आणि 1986 साली पहिली एम3 विक्रीला आणली, ती गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे, तर शर्यतीच्या नियमांसाठी. ज्या वर्गात ती धावणार होती त्यात उतरायचे तर तशा पाच हजार गाड्या रस्त्यावरच्या लोकांसाठी बनवलेल्या असाव्या लागत. एएमजीची सुरुवात 1967 ची, आउफ्रेख्ट आणि मेल्शर या दोन अभियंत्यांच्या छोट्या कार्यशाळेतली. 1971 साली बेल्जियममधल्या स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांनी मर्सिडीजची एक अवजड आलिशान सेदान उतरवली आणि ती एकूण क्रमवारीत दुसरी आली. चोवीस तास टिकली, हे मला तिच्या वेगापेक्षा महत्त्वाचे वाटते, आणि पुढचे सगळे म्हणणे याच मुद्द्याभोवती फिरणार आहे.

आता माझ्या टेबलाकडे या. निवृत्तीच्या आधी काही वर्षे आमच्याकडे एका जर्मन सेदानचे आणि तिच्याच अतिवेगवान भावंडाचे मागच्या चाकाचे आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे, अभ्यासासाठी आले होते. दोन्ही शेजारी ठेवले तर लांबी जवळजवळ तेवढीच, बोल्टची भोके त्याच जागी. साध्या आर्मच्या टोकाला आमच्या ओळखीचा बुश होता : बाहेर लोखंडी कडे, आत नळी आणि दोहोंच्या मध्ये भरलेले काळे रबर, त्यात मुद्दाम ठेवलेल्या दोन चंद्रकोरीसारख्या पोकळ्या. त्यात पहार घालून रेटले की नळी डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असे आणि सोडली की सावकाश जागेवर येत असे. ते सरकणे म्हणजेच तुमचा आराम. रस्त्यावरचा खड्डा त्या रबरात मुरतो. दुसऱ्या आर्मच्या टोकाला रबरच नव्हते. तिथे बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत गोळा बसवलेला धातूचा सांधा होता, आणि पहार रेटून माझ्या मनगटात कळ आली तरी तो तसूभरही हलला नाही. आमच्या विभागातला एक जुना फिटर ते पाहून म्हणाला, ‘‘साहेब, ह्यात आपल्याला धंदा नाही.’’

त्याचे बरोबर होते. रबर दबते, तेव्हा चाकाचा कोन किंचित बदलतो. वळणावर जोरात गेले की तो बदल चालकाच्या हाताला उशिरा कळतो. ते उशिरा कळणे काढून टाकण्यासाठी रबर काढले जाते. 2014 साली आलेल्या एम3 आणि एम4 मध्ये तर मागच्या चाकांची अख्खी सबफ्रेम, म्हणजे हे आर्म ज्या चौकटीला जोडलेले असतात ती, मध्ये रबर न घालता थेट बॉडीला बोल्टने आवळलेली होती. बाकीचे बदलही याच जातीचे. एकाऐवजी दोन टर्बो, जादा रेडिएटर, लांब वळणात तेल एका बाजूला सरकले तरी पंप कोरडा पडू नये अशा बेताने बनवलेला ऑइल संप (इंजिनाखालची तेलाची टाकी), ब्रेकच्या मोठ्या डिस्क. यांतले जवळजवळ काहीच शोरूममध्ये दिसत नाही आणि पाच मिनिटांच्या चाचणीत तर जाणवतही नाही.

ते कुठे जाणवते, हे मी एकदाच अनुभवले. पुतण्या श्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. त्याने मला न्युर्बुर्गरिंगला, जर्मनीतल्या शर्यतीच्या प्रसिद्ध मार्गावर, नेले. तिथला जुना मार्ग 20.8 किलोमीटरचा आहे, डोंगरातून चढतो-उतरतो, आणि ठरलेल्या दिवशी पैसे भरून कोणीही आपली गाडी त्यावर नेऊ शकतो. आम्ही आधी एका चांगल्या, ताकदवान पण साध्या सेदानमध्ये बसलो. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ब्रेक खोल जातोय,’’ आणि जळक्या वासाने गाडी भरली. गाडीचा दोष म्हणावा असे त्यात काही नव्हते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता चार डिस्कांनी पचवायची असते. दुपारी त्याच्या मित्राच्या एममध्ये बसलो. ती पहिल्या फेरीत मला फारशी वेगवान वाटली नाही, खरे सांगायचे तर ती नुसतीच कडक आणि आवाजी वाटली. पण चौथ्या फेरीत ती पहिल्या फेरीसारखीच थांबत होती. त्या दुप्पट पैशांत वेगापेक्षा ही न थकण्याची ताकद विकत मिळते, असे माझे मत त्या दिवशी झाले आणि ते अजून बदललेले नाही.

मग आपल्याकडे काय? आकडेच पाहू. 2024 साली भारतात एम340आयची एक्स-शोरूम किंमत पाऊण कोटीच्या आसपास होती आणि एम4 ची 1 कोटी 53 लाख. (एम3 सेदान सध्याच्या पिढीत इथे अधिकृतपणे आलेलीच नाही, म्हणून तुलना दोन दारांच्या एम4 शी करावी लागते, आणि मागे बसणाऱ्या सासूबाईंचा प्रश्न तिथेच उभा राहतो.) एम340आय शून्यापासून ताशी 100 किलोमीटरचा वेग 4.4 सेकंदांत गाठते, एम4 मात्र 3.5 सेकंदांत. म्हणजे नऊ दशांश सेकंदाचे हे अंतर, आणि दोघींचीही शर्यत जिथे संपते नेमकी तीच मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातली वेगमर्यादा आहे. त्यापुढे कॅमेरे आहेत. समृद्धीवर आणखी 20 मिळतात, पण सरळ रस्त्यावर 120 ने जायला तर आमच्या साध्या बुशवाली कोणतीही गाडी पुरते.

शिवाय हे दुप्पट पैसे सगळे लोखंडाचे नाहीत. जर्मनीत हे अंतर दीडपटीच्याही आत असते. इथे एम340आय चेन्नईत जोडली जाते, तर एम4 पूर्ण बनून बोटीने येते आणि तिच्यावर शंभर टक्क्यांहून अधिक आयात शुल्क लागते. महाराष्ट्रात आयात गाडीचा रोड टॅक्सही वेगळा, चढ्या दराने. म्हणून म्युनिकमधल्या माणसाने ‘घेण्यासारखी आहे’ असे लिहिलेले वाचून पुण्यातल्या माणसाने हुरळून जाऊ नये. तो बॉल जॉइंटचे पैसे मोजतो, आपण बॉल जॉइंटचे आणि वर जवळजवळ तेवढेच सरकारचे. जी गाडी इथेच जोडली जाते, तिथे हिशेब बराच सुसह्य होतो. मर्सिडीजने 2020 साली चाकणला एएमजी जीएलसी 43 कूपे जोडायला घेतली, तेव्हा मला त्या बातमीचे महत्त्व नव्या मॉडेलपेक्षा जास्त वाटले होते.

टायरविषयी दोन वाक्ये लिहितो, कारण हा खर्च लोक धरत नाहीत. एम4 च्या मागच्या टायरचे माप 285/30 आर20 असते, म्हणजे रिम आणि डांबर यांच्यामध्ये रबराची उंची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर; पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे रिमला आधी कळते आणि तुम्हाला नंतर.

एवढे लिहूनही मी ‘घेऊ नका’ असे म्हणत नाही. मात्र घेणारा कशासाठी घेतो आहे, ते त्याने स्वतःशी स्पष्ट करावे. नुसती ताकद हवी असेल तर ती आता तिसऱ्या पायरीची मक्तेदारी राहिलेली नाही. चांगली विजेवरची गाडी सिग्नलवर अनेक एमना मागे टाकते. मर्सिडीजच्या सी63 चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. 2024 च्या नोव्हेंबरात ती भारतात 1 कोटी 95 लाखांना आली. ताकद 680 अश्वशक्ती, पूर्वीच्या गाडीहून कितीतरी जास्त. पण पूर्वीच्या आठ सिलिंडरांच्या जागी दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, जोडीला विजेची मोटर, आणि वजन दोन टनांच्या वर. आकड्यांत ती सरस होती, तरी जगभरच्या जुन्या गिऱ्हाइकांनी नाके मुरडली, कारण त्यांना जे हवे होते ते आकड्यांत मावणारे नव्हते : तो आवाज, तो धडधडता जडपणा. मला त्यांचे हसू येत नाही. तंबोऱ्याऐवजी त्याहून अचूक सुरात वाजणारे यंत्र दिले तर गवई कुरकुरणारच.

तेव्हा ज्याला गाडी चालवणे हेच काम वाटते, निमित्त नाही, जो स्वतः चालवतो, एकटा चालवतो, रविवारी पहाटे घरातले उठायच्या आत ताम्हिणीपर्यंत जाऊन चहा पिऊन परत येतो आणि वर्षातून एक-दोनदा कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाण्याची खटपट करतो, त्याच्यासाठी ती न थकण्याची ताकद वाया जात नाही. त्यातही माझा कल सर्वांत लहान गाडीकडे, म्हणजे एम2 कडे आहे. 2023 साली ती इथे 98 लाखांना आली आणि तिच्यात हाताने बदलायचे गिअर मिळतात. तिच्या मर्यादा कमी वेगातही चाचपता येतात. एम5 च्या मर्यादा आपल्या रस्त्यांवर शोधायला गेले तर त्या पोलिसांना आधी सापडतात. बाकी सगळ्यांना, म्हणजे दहांतल्या नऊ जणांना, मी दुसरी पायरी सांगतो आणि उरलेल्या पैशांचे काय करायचे ते त्यांच्या घरच्यांवर सोपवतो.

एक पथ्य मात्र मी सर्वांनाच सांगतो. चाचणीसाठी आधी दुसऱ्या पायरीची गाडी घ्या, आणि शोरूमच्या भोवती चक्कर न मारता ओळखीतून कोणाची तरी दिवसभरासाठी मागून घ्या. सकाळी घरच्यांना मागे बसवून खराब रस्त्याने न्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत एकटे घाटात न्या. घाट उतरल्यावर गाडी तुमच्या हातांपेक्षा सैल आहे असे वाटले, तर मला फोन करा, मी तुमच्याबरोबर शोरूममध्ये येईन. आजवर असे दोन फोन आले. त्यांतला एक त्या दाताच्या डॉक्टरांचा होता, पहाटे पावणेसहाचा, आणि पलीकडून वाऱ्याचा इतका आवाज येत होता की ते गाडीच्या बाहेर उभे राहून बोलत असावेत.