सतारमेकर गल्ली, येना

मी राहते त्या गावाचं नाव येना आणि गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव झाले. थट्टा नाही, जर्मन लोक असाच उच्चार करतात. आई फोनवर म्हणाली, “तुझं झालं ना? मग ये ना मिरजेला!”

मेंदूवर काम करणाऱ्याला मात्र हे गाव म्हणजे पंढरपूर. हान्स बर्गर (हो, बर्गरच) इथे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी घरी बहिणीला भलतीच धास्ती वाटली आणि ‘बरा आहेस ना’ विचारणारी वडिलांची तार आली. ही धास्ती तिच्यापर्यंत पोचली कशी, हे कोडं त्यांना आयुष्यभर पुरलं. ते सुटलं नाहीच, पण त्या नादात १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली. आधी कवटीत शस्त्रक्रियेची फट असलेल्या रुग्णावर, मग धडधाकट डोक्यांवर, स्वतःच्या मुलाच्याही. निबंध छापला तो १९२९ मध्ये. केंब्रिजच्या एड्रियन या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये दुजोरा देईपर्यंत फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आता आमची लॅब, तीच वीज मोजणारी. ६४ इलेक्ट्रोडची (म्हणजे वीज टिपणाऱ्या चकत्यांची) कापडी टोपी, बोथट सुईची सिरिंज आणि थंडगार जेल. केस बाजूला सारून एकेका भोकात जेल भरायचं. कातडीशी संपर्क जमला की पडद्यावरचा लाल ठिपका हिरवा होतो. नव्या विद्यार्थ्याचं डोकं आधी वापरतात, तसं माझं वापरलं. अर्धा तास झाला तरी निम्मे ठिपके लालच. सोबतच्या मुलीने वास घेतला आणि विचारलं, “हे काय आहे?” खोबरेल तेल! आदल्या रात्री चोपडलं होतं, सकाळी धुतलंही होतं, पण ते काय एका शाम्पूला दाद देतंय? बेसिनपाशी मान वाकवून पुन्हा धुतलं. मोजणी संपल्यावर जेल वाळून केस असे झाले, जणू पतंगाला लावायची खळ ओतली होती.

पण त्या दिवशी डोळे मिटले आणि माझ्याच डोक्याच्या मागच्या भागातून बर्गरबाबांची लाट उमटली, सेकंदाला साधारण दहा हेलकावे. पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचे लाख तुकडे केले तर एकेक तुकडा १५ मायक्रोव्होल्टचा होईल, आमचे सगळे सिग्नल साधारण त्याच मापाचे. नुसते दात आवळले तरी जबड्याचे स्नायू त्यांना गिळून टाकतात.

माझा विषय म्हणजे मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी बोलतात. ६४ इलेक्ट्रोडच्या २०१६ जोड्या होतात, प्रत्येक जोडीत लाटा किती जुळतात ते मोजायचं आणि जाळं काढायचं. पहिल्याच वर्षी माझं जाळं इतकं दाट आणि देखणं निघालं की तीन आठवडे मी हवेत होते. प्रोफेसरबाईंनी चित्र पाहिलं आणि एवढंच विचारलं, “या जुळणाऱ्या लाटांत अंतर किती मिलिसेकंदांचं?”

जवळजवळ सगळीकडे शून्य.

रात्री मला मिरजेतली आमची सतारमेकर गल्ली आठवली. एका दुकानात कुणी तंबोरा जुळवत असतो आणि समोरच्या दोन्ही ओट्यांवर तोच सा एकदम ऐकू येतो. म्हणून काय ते दोन ओटे आपसात बोलतायत? कवटीखाली एकच उगम असतो, त्याची वीज मेंदूतून, हाडातून, कातडीतून पसरते आणि दहा इलेक्ट्रोड तीच एकदम ऐकतात. माझं जाळं म्हणजे बहुतांशी एकाच तंबोऱ्याचे ओटे होते.

उपाय आहे. अगदी एकाच क्षणी जुळणारं सगळं बाद करायचं आणि थोडं मागे-पुढे जुळतं तेवढंच ठेवायचं, कारण पसरलेल्या विजेला उशीर होत नाही, निरोपाला होतो. २००४ पासून ही युक्ती चांगलीच रुळली आहे. यात खरोखर एका ठेक्यात चालणारे भागही कचऱ्यात जातात, हे मला अजून खुपतं. पण फसव्या दोनशे रेघांपेक्षा भरवशाच्या नऊ बऱ्या. माझ्या चित्रात नऊच उरल्या.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे यातून मनातलं कळत नाहीच ना?” नाही कळत. “मग तेल लावत जा.”

पुढची मोजणी गुरुवारी आहे, म्हणजे आज रविवारी चालेल. बाहेर उणे चार आहे. तिने पाठवलेली बाटली थिजून पांढरी झालीय, आता हीटरवर आडवी ठेवली आहे.